सातवं नाव

प्राजक्ताच्या हातात कात्री आहे, असं नागपूरच्या संघातली पोरं म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. हंगाम संपला की बास्केटबॉलचे खेळाडू घरी जाऊन कूलरसमोर आडवे होतात. तिचं काम तेव्हाच सुरू होतं. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात दुसऱ्या संघातून कुणाला आणायचं, हे ती ठरवायची. मग पंचवीस मेच्या संध्याकाळी पाचच्या आत सात नावांची यादी लीगच्या कचेरीला पाठवायची. त्या सातांत ज्याचं नाव नाही, तो मोकळा. मोकळा होणं काय असतं, हे सुटलेल्या पोरांनाच विचारावं.

यंदा सहा नावं एप्रिलमध्येच पक्की झाली. चौतिशीला आलेल्या लुधियानाच्या फॉरवर्डला तिने चेन्नईला देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यात चेंडू हाताळणारा एक चपळ गार्ड आणला. दूरवरून बास्केट करणारे दोघे ठेवले. अडलं होतं ते सातवं नाव. जागा एक, पोरं दोन, आणि दोघंही तिच्या माहेरच्या मुलखातली. मोहगावचा वैभव सहा फूट सात इंच. रिंगखाली उभा राहिला की समोरच्याला रिंग दिसत नसे. पांढुर्ण्याचा सागर उंचीला थोडा कमी, पण कोर्टभर नाचायचा. दोघांचं दुखणं मात्र एकच होतं. हंगामात दोघंही अंगाने सुटले होते आणि शेवटच्या दहा मिनिटांत धापा टाकायचे.

एप्रिलच्या शेवटी प्राजक्ता दोघांच्या घरी जाऊन आली. वैभवला म्हणाली, पंचवीस तारखेच्या सकाळी काटा शंभर किलोच्या आत पाहिजे. सागरला अठ्ठ्याऐंशीची हद्द घातली. जो हद्दीत येईल त्याचं नाव. दोघंही आले तर मी बघीन. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण मोहगावला वैभवच्या आईने, जयवंताबाईने, तिच्यासमोरच पोराच्या ताटात तुपात निथळणारी तिसरी पुरणपोळी वाढली आणि प्राजक्ताचं डोकं फिरलं. ती वैभवच्या वडलांना, रघुनाथरावांना म्हणाली, "घरात कुणी याचे लाड करायचे नाहीत. मी स्वतः फोन करून म्हटलं ना, की जाऊ द्या, राहू द्या, तरी माझंही ऐकू नका."

रघुनाथराव संत्र्याचे जुने बागायतदार. शब्दाला पक्के. त्यांनी मान डोलावली, "नाई ऐकनार."

हे वाक्य प्राजक्ताला स्वतःलाच इतकं आवडलं, की पांढुर्ण्याला सागरच्या आईपुढे, सुशीलाबाईपुढे, ते तिने पुन्हा म्हटलं. बाई हसल्या होत्या. कात्रीला धार किती आहे ते कात्रीला ठाऊक नसतं.

मे महिना ती सौंसरला आईवडिलांकडे राहिली. रोज सकाळी दोन्ही घरांतून काट्याचे फोटो यायचे आणि ती आकडे मांडून ठेवायची. वैभवचा काटा म्हणजे बागेत संत्र्याचे कॅरेट तोलायचा काटा. फोटोत त्याचे मातीने भरलेले पंजे दिसायचे. संघाने दोघांना नाडी मोजणारे पट्टे दिले होते. सागरचा पट्टा लगेच बिघडला, दुसरा मागवायचं राहून गेलं. वैभवचा मात्र चालू होता.

पंचवीसच्या सकाळी वैभवचा फोटो आला. नव्व्याण्णव किलो, आठशे ग्रॅम.

प्राजक्ता खुर्चीतून उठली आणि आईला मिठी मारून आली. मग चहा घेत तिने मागचे आकडे पाहिले आणि कप खाली ठेवला. तीन आठवड्यांत वैभवने चार किलो उतरवले होते, माणूस उतरवतो तसे. आणि मागच्या चार दिवसांत पुन्हा चार. चार दिवसांत चार किलो चरबी जळत नाही. उतरतं ते पाणी.

तिने पट्ट्याचे आकडे उघडले. पहाटे झोपेत असताना नाडी एकशे चार. काल दुपारी एक वाजता एकशे ब्याऐंशी, आणि ती तशीच पाऊण तास. काल दुपारी सौंसरला पंचेचाळीस अंश होतं. तिने लगेच वैभवचा नंबर लावला.

वैभवचा फोन रघुनाथरावांनी उचलला. "नमस्कार मॅडमबाई. फोन माह्याजवळच असते आता. पाह्यलं ना वजन?"

"काका, वैभव कुठे आहे? त्याला काय खायला-प्यायला देताय?"

"पानी तोडलं त्याचं," रघुनाथराव अभिमानाने म्हणाले. "आता पाहा, संत्र्याचं पानी तोडल्याबिगर फूल येते का? मृगाचा बहार घ्याचा तं मे महिन्यात झाडाले कोरडं ठेवाच लागते. झाडाले महिना लागते, मानसाले चार दिस बस झाले. सकाळी एक गडवाभर पानी, सांजीले एक गडवा. दुपारी बागेत पळून राहिला. आकडा कसा खाली आला, पाहा."

"काका, त्याला आत्ताच्या आत्ता पाणी द्या! सावलीत बसवा. मरेल तो!"

 रघुनाथराव हसले, मायेने हसले.

"तुमीच सांगतलं होतं मॅडमबाई, का माह्या फोन आला तरी ऐकू नका म्हून. पक्कं ध्यानात हाय माह्या. काटा सकाळचा झाला, पन यादी पाच वाजता जाते ना? अजून कोनी यिऊन तोलून पाह्यलं तं? पाच वाजेलोक कसूर नाई करत आमी. पांढुर्ण्याच्या त्या पोराच्या घरचे बी इचारत होते..."

"काका, ऐका माझं..."

"नाई ऐकत," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

तिने गाडीची चावी घेतली. मोहगावचा रस्ता लहानपणापासून पायाखालचा. आज तो संपेना. स्टीअरिंगला हात लावला की चटका बसत होता. मेंदूला ऊन लागलं तर माणूस कसा जातो, हे संघाच्या डॉक्टरने एकदा सगळ्यांना शिकवलं होतं. घाम थांबतो. बरळायला लागतो. त्यानंतर फार वेळ नसतो. ती हनुमानाचं नाव घेत होती, जामसांवलीच्या मंदिरात दर्शनाला येईन म्हणत होती, आणि मध्येच स्वतःलाच शिव्या देत होती. मी म्हटलं तरी ऐकू नका! कुठून सुचलं होतं हे शहाणपण?

बाग पाण्यावाचून म्लान उभी होती. पानं वळून सुरळ्या झाली होती, बुडाशी पिवळ्या पानांचा सडा, जमिनीला भेगा. दरवर्षी ती बाग अशीच दिसते आणि दरवर्षी कुणाला काही वाटत नाही. विहिरीजवळ जयवंताबाई बसली होती. बाजूला भरलेली कळशी, वर झाकण. प्राजक्ताला पाहून ती उठली नाही.

"काकू, वैभव?"

"त्या आंगानं हाय, धुऱ्याकडं." जयवंताबाईने हाताने दाखवलं. "बाई, काल रातीपासून त्याले लघवी नाई. मी कळशी घेऊन गेली तं मलेच बोलला, का माय, तू माह्यं नाव काटतं. कोनाले सांगू? मालक तं म्हनते, बाईनंच सांगतलं."

बाईनंच सांगितलं. प्राजक्ता पळत सुटली.

वैभव शेवटच्या ओळीतल्या झाडाला टेकून बसला होता. त्या उंचीच्या माणसाला झाडाची सावली पुरत नव्हती. पाय उन्हातच होते. अंगात रबरी रेनकोट. शेजारी रघुनाथराव उभे, हातात घड्याळ. "दम खाऊन राहिला," ते म्हणाले. "दोन चकरा राहिल्या फक्त."

तिने वैभवच्या कपाळावर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. तव्यासारखं तापलेलं, आणि कोरडं ठाक. घामाचा थेंब नाही.

"वैभव. मी प्राजक्ताताई. ओळखलंस का?"

त्याने डोळे उघडले. ते तिच्यावर ठरले नाहीत. "डावीकडून," तो म्हणाला. "डावीकडून दे ना बे. मी मोकळा हावो."

तिने गाडीतून आणलेली पाण्याची बाटली त्याच्या ओठाला लावली. त्याने दात आवळले आणि मान फिरवली. "ताई, पाच वाजेलोक नाई," तो स्पष्ट म्हणाला. एवढंच त्याच्या डोक्यात शिल्लक राहिलं होतं, आणि ते तिनेच तिथे ठेवलं होतं.

ती रघुनाथरावांकडे वळली. तिला ओरडायचं होतं. पण ओरडून काय होणार? तिच्या शब्दाला किंमत उरू नये याची सोय तिने आधीच करून ठेवली होती. हा माणूस निर्दय नव्हता. तो फक्त शब्द पाळत होता, आणि आयुष्यभर जे काम जमलं त्याच रीतीने पोराचं भलं करू पाहत होता. त्याला पटेल तर त्याच्याच बागेतलं काही पटेल.

"काका," तिने आवाज खाली आणला.  "माझं ऐकू नका. मला एवढंच सांगा. झाडाला आता पुरे झालं, हे तुम्ही कशावरून ओळखता?"

रघुनाथराव गोंधळले. "पानावरून. पान पिवळं पडून गळाले लागलं, का समजाचं झालं."

"आणि त्यानंतरही कोरडंच ठेवलं तर?"

"मंग शेंडे वाळते. सल पडते, फांदी मरते. एखादं झाडच जाते मंग."

"याला हात लावा. उन्हात पळालेला माणूस आहे, याच्या अंगाला घाम आहे का बघा. काल रात्रीपासून लघवी नाही. स्वतःच्या शेतात बसलाय आणि त्याला वाटतंय आपण कोर्टावर आहोत. याचं पान केव्हाच गळलं, काका. शेंडा वाळून राहिला."

तो म्हातारा खाली वाकला. संत्र्याच्या फांद्या चाचपणारा हात त्याने पोराच्या छातीवर ठेवला, मानेवर, बगलेत.  मग रघुनाथराव एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या बांधावरचे बैल बिचकले.

"जयवंता! पानी आन व! पानी आन!"

रेनकोट फाडून काढला. कळशी त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतली. दुसरी, तिसरी. प्राजक्ता पदराने वारा घालत होती आणि बाटली त्याच्या तोंडात उपडी करायला निघाली, तेव्हा रघुनाथरावांनी तिचं मनगट धरलं. "असं नाई, असं नाई. कोरड्या झाडाले एकदम पानी सोडत नसते. आंबवणी कराची. पयलं पानी हलकं." त्यांनी धोतराचा सोगा भिजवून पोराच्या ओठांवर पिळला. थेंब. थांबले. पुन्हा थेंब. वैभवचे दात बापाच्या हाताला ओळखून सैल झाले. "पी बाबू. मी सांगून राहिलो ना. पी."

सौंसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. अजून धोका आहे, ते म्हणाले. किडन्यांचं काही सांगता येत नाही; लघवी झाली तर देव पावला, नाहीतर नागपूरला हलवायचं. रुग्णवाहिका दारात उभी करून ठेवली. दुपार सरली. साडेचारच्या सुमाराला वैभवला नीट शुद्ध आली. त्याने आईला ओळखलं, बापाला ओळखलं, मग बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे पाहिलं.

"हे काय हाय?"

"सलाईन," प्राजक्ता म्हणाली. "पडून राहा."

"कितवी बाटली?"

"तिसरी."

त्याच्या डोळ्यांत जे आलं ते तिने कुठल्याही सामन्यात कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. मोकळा हात उचलून त्याने नळीवरचं चाक फिरवलं आणि थेंब बंद केले. "वजन वाढून राहिलं, ताई. पाच वाजाचे हायेत अजून."

जयवंताबाईने तोंडात पदर कोंबला. डॉक्टर पळत आले, चाक पुन्हा उघडलं. वैभवने सुईवरच हात ठेवला. उपटली असती त्याने. प्राजक्ताला त्या क्षणी स्वतःची भीती वाटली. नुसत्या एका आकड्याने आपण या पोराच्या आत हे काय रुजवलं?

"यादी गेली, वैभव," ती म्हणाली. "तुझं नाव आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहिलं. "बाबा, खरं म्हनते का?"

रघुनाथरावांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि यादी गेलीही नव्हती. दोन महिने प्राजक्ताने या सातव्या जागेचा हिशेब केला होता: रिंगखाली कोण, कोण किती मिनिटं टिकेल, कोण कुणाबरोबर जमेल. सगळा हिशेब बाजूला पडला. हा पोरगा पुन्हा धावेल की नाही हेच माहीत नव्हतं. पण त्याला दिलेला शब्द होता, आकडा त्याने गाठला होता, आणि आत्ता या सुईवरून त्याचा हात उचलायला दुसरा उपाय नव्हता. तिने फोन काढला, रघुनाथरावांच्या डोळ्यांसमोर धरला, सातव्या ओळीत वैभवचं नाव लिहिलं आणि यादी पाठवून दिली. चार वाजून एकावन्न मिनिटं.

"गेलं," रघुनाथराव म्हणाले. "म्या पाह्यलं. तुह्यं नाव गेलं बाबू."

वैभवने हात उचलला आणि डोळे मिटले. थेंब पडत राहिले.

ती बाहेर ओसरीत आली तर फोन वाजला. संघाचे प्रशिक्षक, प्रभाकर सर. यादीची प्रत त्यांनाही जात असे.

"हे काय केलंस प्राजक्ता? दुपारी तूच सांगितलंस वैभव दवाखान्यात आहे, आणि त्याचंच नाव टाकलंस? सागर होता ना! आज सकाळचा त्याचा फोटो बघितला नाहीस? साडेसत्त्याऐंशी! कमाल केली त्या पोराने. चार दिवसांत पाच किलो उतरवले."

ओसरीत ऊन अजून भाजत होतं. सकाळपासून प्राजक्ताने सागरचा फोटो उघडलाच नव्हता.

चार दिवस. पांढुर्ण्याच्या त्या पोराच्या घरचे बी इचारत होते. सकाळी हे वाक्य तिच्या कानावर पडलं होतं आणि तिने ते तिथेच सोडून दिलं होतं. सागरच्या हातात पट्टा नव्हता. त्याची नाडी सांगणारं कुणी नव्हतं.

तिने प्रभाकर सरांचा फोन तोडला आणि सुशीलाबाईंना लावला. चार वेळा वाजल्यावर त्यांनी उचलला.

"सुशीलाताई, सागर कुठे आहे?"

"गच्चीवर हाय. पळून राहिला," बाईंचा आवाज खुशीत होता. "रघुनाथभाऊंनी सांगतलं तसंच करून राहिलो आम्ही. सकाळी एक गडवा, सांजीले एक."

"त्याला खाली आणा. पाणी द्या, अंगावर पाणी ओता, लगेच! यादी गेली, सुशीलाताई. सगळं संपलं. आता काही गरज नाही."

सुशीलाबाई हसल्या, एप्रिलमध्ये हसल्या होत्या तशाच. "नाई बाई, तुमचं नाई ऐकनार आम्ही. तुम्हीच सांगून गेल्या होत्या ना. आता पाचले पाचच मिनिटं राह्यले."

"सुशीलाताई, पाया पडते तुमच्या..."

तिच्या हातातून कुणीतरी फोन घेतला. रघुनाथराव मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धोतराचा सोगा अजून ओलाच होता.

"वयनी, मी रघुनाथ बोलून राहिलो," ते म्हणाले. "मोहगावचा. माह्यं चुकलं वयनी. माह्या पोरगा दवाखान्यात हाय. पानी सोडा. आताच्या आता सोडा, पन हलकं सोडा. जा वर."

फोन तिकडे कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पळणारी पावलं, दाराची कडी, आणि सुशीलाबाईंची हाक, "सागर! ए सागर!"

रघुनाथरावांनी फोन दोघांच्या मध्ये धरला. प्राजक्ता गाडीची चावी मुठीत घट्ट धरून ऐकत राहिली. सुशीलाबाईंनी पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, आणि सागरचा आवाज अजून आला नव्हता.